बारा रुपयांचा मास्तर

१९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं, पुण्याच्या जुना गंज पेठेतून सरकारला गेलेलं एक इंग्रजी निवेदन आहे. सही करणाऱ्यानं स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आहे. नाव जोतीराव गोविंदराव फुले. वाचणार होतं हंटर कमिशन, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाची चौकशी करायला लॉर्ड रिपननी त्याच वर्षी नेमलेलं मंडळ. मुंबई इलाख्यातून काशीनाथ त्रिंबक तेलंग त्यावर सदस्य होते.

या निवेदनातली जातिव्यवस्थेची आणि रयतेच्या पैशाची बाजू आपल्याकडे पुष्कळ सांगितली गेली आहे. ती सांगायलाच हवी होती. पण माझी सगळी नोकरी शिक्षण विभागात गेली. आधी शिक्षक, मग केंद्रप्रमुख आणि शेवटची वर्षं विस्तार अधिकारी. त्यामुळे मी हे निवेदन वाचतो ते एखाद्या कामाचं अंदाजपत्रक वाचावं तसं. मास्तर कोण असावा, त्याला किती द्यावं, कशाच्या आधारावर द्यावं, त्याला तपासायचं कुणी आणि कधी, आणि पैसा कुठून आणायचा, हे सगळं त्यात आहे. आज अर्थशास्त्रज्ञ शाळांवर जे संशोधन करतात त्यातले निम्मे प्रश्न जोतीरावांनी थोडक्या पानांत बसवले होते.

त्या काळचा वादाचा मुद्दा होता निकालावर पैसे देण्याचा. ही पद्धत विलायतेची. १८६२ मध्ये रॉबर्ट लो या मंत्र्यानं इंग्लंडमध्ये नियम केला की शाळेला अनुदान मिळेल ते मुलामागे मोजून. मुलामागचे चार शिलिंग हजेरीवर आणि आठ परीक्षेवर. वाचन, लेखन, गणित यांपैकी एका विषयात मूल नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. लोनं पार्लमेंटात सांगितलं होतं की ही व्यवस्था स्वस्त पडली नाही तर परिणामकारक होईल, आणि परिणामकारक झाली नाही तर निदान स्वस्त तरी पडेल. त्यातलं स्वस्ताईचं भाकीत लगेच खरं ठरलं. पुढच्या तीन-चार वर्षांत सरकारचा शाळांवरचा खर्च घटला. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी पोटासाठी शाळा तपासनीस होता. तो वर्षानुवर्षं अहवालांतून लिहीत राहिला की मुलं परीक्षेपुरती घोटून तयार करता येतात आणि तरी त्यांना काही येत नसतं. हे वाक्य मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

१८६० च्याच दशकात ही पद्धत मुंबई इलाख्यात आली. सरकारी शाळेतल्या मास्तराला ठरलेला पगार असे. खासगी शाळांचं अनुदान मात्र तपासणीत किती मुलं उतरली यावर बेतू लागलं. हंटर कमिशनपुढे मोठा प्रश्न होता की गावोगावच्या जुन्या पंतोजींच्या शाळा हाताशी धरून प्राथमिक शिक्षण वाढवता येईल का, आणि त्यांना पैसे कोणत्या हिशेबानं द्यायचे. कमिशननं या देशी शाळांसाठी निकालाचीच पद्धत सुचवली. तिजोरीच्या दृष्टीनं ती सोयीची होती. आधी शिकवून दाखव, मग पैसे घे.

जोतीरावांचं म्हणणं याच्या उलट होतं. गरीब आणि अक्षरशत्रू ठेवलेल्या लोकांत निकालावर पैसे देऊन शिक्षण वाढणार नाही, कारण तिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जोरावर शाळा काढायला कोणता मास्तर जाईल? त्याचं पोटच भरणार नाही. म्हणून गोडी लागेपर्यंत सरकारनं स्वतः शाळा चालवल्या पाहिजेत, मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं दिली पाहिजेत.

हे लिहिणारा माणूस कंत्राटदार होता, हे इथे महत्त्वाचं. खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचा दगड पुरवण्याचं काम त्यांनी केलं होतं. मोजमाप घेऊन बिल काढणं म्हणजे काय, हे कमिशनच्या बहुतेक सदस्यांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं. आणि त्यांनी मुलींच्या, अस्पृश्यांच्या शाळा चालवल्या होत्या, मिशनच्या मुलींच्या शाळेत काही वर्षं शिकवलंही होतं. दगडाची मोजणी होते तशी शिकण्याची होणार नाही, हे त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. जिथे मुलं घरी अभ्यास करून येतात त्या पेठेतला मास्तर निकालावर कमावेल, आणि जिथे शाळेची खरी गरज आहे तिथे कुणी फिरकणारच नाही.

पण गंमत पुढे आहे. याच निवेदनात ते सुचवतात की जे मास्तर जास्त मुलं पास करतील त्यांना पगाराखेरीज काही खास भत्ता द्यावा. एकीकडे निकालाच्या पैशाला विरोध आणि दुसरीकडे निकालाचा भत्ता? मला यात विसंगती दिसत नाही. मास्तरांचे पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातात, अशी त्यांची तक्रार आहे. बारा रुपयांच्या खाली कुणाला देऊ नये, मोठ्या गावात पंधरा-वीस द्यावेत, असं ते सांगतात. म्हणजे आधी पोटापुरता पक्का पगार, आणि मग चांगल्या कामाचं वर काहीतरी. कमिशनची पद्धत तो पगारच टांगणीला लावत होती. या दोन गोष्टी एकच आहेत असं समजून आजही आपल्याकडे भांडणं होतात.

या फरकाची पारख व्हायला सव्वाशे वर्षं लागली. २००५ पासून आंध्र प्रदेशच्या ग्रामीण सरकारी शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडल्या. काही शाळांत मुलांची प्रगती पाहून शिक्षकांना पगाराशिवाय बोनस दिला. तो सरासरीनं वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. कच्च्या मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी ठेवून फायदा होऊ नये, अशी सोय सूत्रातच होती. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढे होती. शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नव्हती. जे हजर होते ते जास्त शिकवत होते, एवढंच. जोतीरावांचा खास भत्ता तो हाच.

नुसता पगार वाढवला तर? इंडोनेशियात २००५ च्या कायद्यानं प्रमाणपत्र मिळवलेल्या शिक्षकांचा पगार जवळपास दुप्पट झाला. संशोधकांनी ३६० शाळांत त्याचा परिणाम तपासला. शिक्षक समाधानी झाले, जोडधंदे कमी झाले, मुलांच्या शिकण्यात मात्र फरक पडला नाही. हा निष्कर्ष आमच्या संघटनांच्या मित्रांना आवडत नाही आणि वित्त विभागाला फार आवडतो. दोघांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तिथे पगार वाढला तो आधीपासून नोकरीत असलेल्यांचा. जोतीरावांचे बारा रुपये होते वेगळी माणसं या धंद्यात यावीत म्हणून. कुणब्याचा, कारागिराचा मुलगा शिकून मास्तर व्हावा, प्रसंगी नांगराला हात लावणारा, मुलांच्या आईबापांत मिसळणारा. त्या प्रश्नाचं उत्तर इंडोनेशियाच्या प्रयोगात नाही.

निवेदनातला मला सगळ्यात जवळचा भाग तपासणीचा. दिपोटी, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, तीन महिन्यांतून एकदा तरी शाळा पाहिली पाहिजे, शिवाय अधूनमधून न कळवता जावं, असं ते म्हणतात. न कळवता! आमच्या वेळी भेटीची तारीख आठ दिवस आधी साऱ्या केंद्राला माहीत असे. सारवलेलं अंगण, धुतलेले गणवेश, पहिल्या बाकांवर हुशार पोरं, आणि दोन-चार मुलं ‘आजारी’. २०१५ नंतर शाळा ‘प्रगत’ घोषित करायची लाट आली, तेव्हा एका तालुक्यात कागदावर इतकी प्रगती झाली की वाचनात अडखळणारी मुलं गेली कुठे असा प्रश्न पडावा. मी तेव्हा निवृत्तीला आलो होतो. बैठकीत विचारलं, तर आकडे भरून द्या, एवढंच सांगण्यात आलं.

२००३ मध्ये संशोधकांनी देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांना न कळवता भेटी दिल्या. सरासरी चारांतला एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण देशात सर्वांत कमी, साधारण १५ टक्के, झारखंडात ४२. पगार जास्त म्हणून हजेरी जास्त, असं काही दिसलं नाही. जिथे अलीकडे तपासणी झाली होती तिथे मात्र गैरहजेरी कमी होती.

सगळंच पटतं असं नाही. मास्तराला गावचे हिशेब तपासणं, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामं जोडावीत म्हणजे गावात त्याचं वजन वाढेल, असंही जोतीरावांनी सुचवलं आहे. ज्यानं मतदार याद्या, जनगणना आणि खिचडीच्या तांदळाची नोंद सांभाळून चौथीचा वर्ग शिकवला आहे, त्याला हे वाचून हसू येईल आणि थोडा रागही.

निकालाच्या पद्धतीचं पुढे काय झालं? इंग्लंडनं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडून दिली. इथे कर्झनच्या १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानं तिला निरोप दिला. मधल्या वीस वर्षांत दूरच्या वाड्यावस्त्यांना शाळा मिळायची राहिली. पैसा कुठून आणायचा, हे निवेदनात होतंच. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड १८६० च्या दशकापासून घेतला जात होता. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाला मिळे. निदान निम्मा तरी फक्त प्राथमिक शिक्षणाला द्या, ही जोतीरावांची मागणी. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं, तेव्हाही सरकारी बाजूच्या आक्षेपांत पैसा होताच.

स्वस्ताईचा सोस मात्र गेला नाही. २००० साली आपल्या राज्यात शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम, मग वेतनश्रेणी. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये मिळत होते. ते १६,००० झाले २०२३ मध्ये. बांधावरचा मजूरही त्या सहा हजारांना हसत असे. आणि आता पटाचा हिशेब आहे. किती मुलं, त्यावर किती शिक्षक. वीसपेक्षा पट कमी असेल तर शाळा समूह शाळेत मिसळता येईल का, याची विचारणा २०२३ मध्ये सुरू झाली. तेव्हा पास झालेली डोकी मोजत, आता नुसती डोकी मोजतात.

ज्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर अशा शाळांची फाईल आहे त्यांना माझी विनंती आहे. हे निवेदन महात्मा फुले समग्र वाङ्मयात छापलेलं आहे, आणि तो ग्रंथ राज्य सरकारच्याच मंडळानं काढलेला आहे. सहीपूर्वी त्यातला निकालावरच्या अनुदानाचा एक परिच्छेद वाचा. मग त्या वस्तीवर जाऊन या, न कळवता.