जुनें घर आणि आपलें ऊन



नाशिक शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें 20 अंशांवर वसलें आहे. त्यामुळें मेच्या उत्तरार्धांत, आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धांत, माध्यान्हीं सूर्य थेट डोक्यावर येतो. साहजिकच ऐन उन्हाळ्यांत आपलें घर भिंतींपेक्षां छपरानें अधिक तापतें. ही गोष्ट जुन्या गवंड्यांस अनुभवानें ठाऊक होती.

इगतपुरीकडे पाऊस फार, म्हणून तेथें उतरतीं कौलारू छपरें. येवलें-मालेगांवच्या कोरड्या मुलखांत जाड मातीचीं धाबीं. वाड्याच्या रुंद भिंती दिवसाचें ऊन सावकाश पोटांत घेत. पठारावरील रात्र थंड; चौक उघडा असल्यानें ती उष्णता रात्रीं निघून जाई. पडवी भिंतीवर सावली धरी.

हा मेळ हळूहळू बिघडला. 1865 सालीं बासेल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. त्या कौलानें हानि केली नाहीं, कारण त्याच्या सांध्यांतून वारा खेळतो. मागाहून पन्हळी पत्रा आला. स्वस्त आणि हलका, पण घटकाभरांत तापणारा. 1970 सालीं आमच्या एकलहऱ्यास वीजकेंद्राचा 140 मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. विजेचे पंखे घरोघर फिरूं लागले, आणि चौक झांकून खोल्या काढण्यास लोक धजावले. परंतु पंखा हवा थंड करीत नाहीं. तो केवळ घाम वाळवितो.

म्हणून जुनें घर दुरुस्त करतांना, नवें काय आणावें याआधीं झांकलेलें काय उघडावें, हें पाहावें. चौक मोकळा करावा. पत्रा काढणें परवडत नसेल तर त्याखालीं लांकडी तक्तपोशी घालावी, मधल्या पोकळींतील तापलेली हवा जाण्यास झरोके ठेवावे, आणि वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. पश्चिमेचें ऊन तिरपें येतें. तेथें छज्जा पुरत नाहीं, पडवी किंवा वाळ्याचा पडदा हवा. मातीच्या भिंतीस सिमेंटचा गिलावा करूं नये. ओल आंत कोंडून भिंत पोखरते. तेथें चुनाच बरा. नवी भिंत घालणें भागच असेल, तर कोळशाच्या राखेची वीट आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास विटांत ही राख वापरावी, असा नियम केंद्र सरकारनें 1999 सालीं केला.

जुन्या नाशकांतील वाडे एकामागून एक पडत आहेत. ज्यांच्या हातीं एखादा अजून उभा आहे, त्यांनीं तो पाडण्यापूर्वीं निदान एक उन्हाळा त्याचा चौक उघडा ठेवून राहून पाहावें, एवढीच विनंति.