पहाटे देव आला नाही

डिचोलीच्या शाळेत असताना एकदा दहावीच्या मुलांना मी पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ वाचून दाखवले. सोफोक्लीजच्या सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक शोकांतिकेचा हा मराठी अवतार १९७९ चा. नगरीवर महामारी आलेली असते. आधीच्या राजाच्या खुन्याला हद्दपार करण्याचा हुकूम ओयदिपौस काढतो, आणि शोधाअंती खुनी तो स्वतःच निघतो. तो आपले डोळे फोडून घेतो.

वाचन संपले. पेडण्याहून मामाकडे शिकायला आलेला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, शेवटी देव कसा आला नाही?”

प्रश्न दशावतारी होता. पेडण्यात जत्रेच्या रात्री देवळासमोर दहीकाला रंगतो. हरिश्चंद्र तारामतीवर शस्त्र उगारतो, तोच देव त्याचा हात धरतो. अथेन्सची नाटकेही डायोनिसस देवाच्या उत्सवातच होत. तिथेही स्त्रीभूमिका पुरुषच करीत, कथाही प्रेक्षकांना आधीच ठाऊक असे. मग हा राजाच का वाऱ्यावर?

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. आज वाटते, दोन्ही राजे शब्दाला जागले. हरिश्चंद्राला राज्य परत मिळाले. ओयदिपौसाला तर खुद्द राणीने शोध थांबवण्याची विनवणी केली होती; तरी तो थांबला नाही, आणि आपलाच हुकूम त्याने आपल्यालाही लागू केला. खरेपणाचे फळ गोड असते, एवढेच आम्ही शाळेत शिकवतो. फळ नसले तरी खरे वागावे, हे सांगायला मुलांना दुसरा राजाही भेटायला हवा.