ग्राइप वॉटर, ग्रिप आणि फिट : 'धरण्या'ची गोष्ट



मध्यंतरी नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी मला विचारलं, "डॉक्टर, मुलांना पाजलं, आता नातवाला पाजतेय, पण ग्राइप म्हणजे काय हो?" प्रश्न साधा, पण उत्तर बरंच लांब जातं. आज तेच सांगतो, कारण त्याच्या शेवटी तुमच्या-आमच्या रोजच्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

'ग्राइप' आणि 'ग्रिप' हे इंग्रजीतले सख्खे भाऊ. ग्रिप म्हणजे पकड. डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. दारातला दांडा हातात आला की ग्रिप! जुन्या इंग्रजीत 'ग्रिपन' असं क्रियापद होतं, घट्ट धरणे या अर्थाचं. पुढे पोटात कुणीतरी मुठीत धरून पिळावं तशी कळ आली, की तिला 'ग्राइप्स' म्हणू लागले. आपण 'मुरडा' म्हणतो तोच प्रकार. बाळाच्या या मुरड्यावर इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ च्या सुमारास औषध काढलं, ते ग्राइप वॉटर. मूळच्या औषधात बडीशेपेच्या जातीतल्या शेपूचं तेल आणि सोडा होता, आणि चक्क अल्कोहोलही होतं! (आजींना मी इतकंच सांगितलं की, पहिले सहा महिने बाळाला आईचं दूध पुरतं, दुसरं काही द्यायचं तर आधी विचारा.)

याच घराण्यातला शब्द फ्रेंचमध्येही होता आणि अठराव्या शतकात फ्लूच्या साथीला लोक 'ला ग्रिप' म्हणू लागले. अचानक येऊन माणसाला पकडणारा आजार, असा त्याचा अर्थ बहुतेक शब्दकोश देतात. जर्मन, रशियन, पोर्तुगीज भाषांत फ्लूला आजही याच घराण्यातला शब्द आहे. आणि 'इन्फ्लुएन्झा'? तो इटालियन. अर्थ 'प्रभाव'; आकाशातल्या ताऱ्यांचा प्रभाव! म्हणजे एका शब्दाने आजार पकडतो म्हणून सांगितलं, दुसऱ्याने तारे पाठवतात म्हणून.

प्रत्यक्षात तो कसा येतो, हे आपल्या भागाने पाहिलं आहे. जून १९१८ मध्ये मुंबईत फ्लूची साथ सुरू झाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरी, फार जीवघेणी लाट आली. ठाण्याला रेल्वे १८५३ मध्ये पोचली होती, कल्याणला १८५४ मध्ये. आणि कल्याणहून एक फाटा नाशिककडे, दुसरा पुण्याकडे जातो. साथ देशभर पसरायला रेल्वेचा मोठा हातभार लागला. भारतात एक कोटीहून अधिक माणसं दगावली. तारे नव्हेत, माणसाचा श्वास आणि खोकला तो आजार नेत होता. माणसाच्या फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये सापडला. स्पष्टीकरण बदललं, शब्द मात्र राहिला.

आपल्याकडेही हीच रीत आहे. 'कंबर धरली', 'मान धरली' असं आपण रोज म्हणतो. संस्कृतात 'ग्रह्' म्हणजे धरणे. त्यावरून आयुर्वेदात जबडा धरला तर 'हनुग्रह', कंबर धरली तर 'कटिग्रह'. अन्न धरून ठेवते ती 'ग्रहणी'. लग्नात हात धरायचा ते 'पाणिग्रहण'. आणि लहान मुलांना पछाडणारे ते 'बालग्रह'; सुश्रुतसंहितेत असे नऊ सांगितले आहेत. कंबर धरली म्हणताना ती खरोखर कुणी धरली आहे असं आपल्या मनात येत नाही. पण एका आजाराच्या बाबतीत ते येतं, आणि तिथेच घोटाळा होतो.

तो आजार म्हणजे फिट, आकडी, मिरगी. इंग्रजीत 'एपिलेप्सी'. हा शब्द ज्या ग्रीक क्रियापदावरून आला त्याचा अर्थ 'पकडणे, झडप घालणे'. फिटेला डॉक्टर 'सीझर' म्हणतात, तेही पकडणेच. जुन्या ग्रीसमध्ये हा आजार देवाने धरल्यामुळे होतो असं मानत. पण सुमारे २४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात ठामपणे लिहिलं गेलं, की हा आजार इतर आजारांपेक्षा अधिक दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. चरकसंहितेतही अपस्माराची चर्चा वात-पित्त-कफ या दोषांना धरून आहे. आज आपल्याला माहीत आहे, की मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंदेश काही काळ बेताल होतात आणि फिट येते. बाहेरचं कुणीही धरत नाही.

तरी 'याला काहीतरी धरलंय' ही समजूत जात नाही. मग महिनोन्महिने अंगारे-धुपारे होतात, औषध लांबतं, मुलीचा आजार लग्न ठरेपर्यंत लपवला जातो. कायद्यालाही ही भीती होती. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणं ही लग्नाला अडचण ठरवली गेली. ते शब्द काढायला १९९९ साल उजाडावं लागलं. म्हणजे तेवीस वर्षं एका आजाराने पाणिग्रहणाचा हात कायद्याने अडवला होता. खरं तर योग्य औषध नियमित घेतलं, तर दहांपैकी सुमारे सात रुग्णांच्या फिट थांबू शकतात.

आता ती रोजच्या उपयोगाची गोष्ट. ठाणे-कल्याणच्या गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर कुणी फिट येऊन पडलं, की लोक धावतात, हे फार चांगलं. पण मग चौघं हातपाय धरतात, एक जण नाकाला चप्पल लावतो, दुसरा मुठीत किल्ल्या कोंबतो, तिसरा दातांत चमचा घालतो. यातलं काहीच करू नका. धरून ठेवल्याने फिट थांबत नाही, उलट हाडाला इजा होऊ शकते. चमच्याने दात तुटतात, श्वास अडकतो.

त्याऐवजी रुळांपासून आणि टोकदार वस्तूंपासून त्याला सुरक्षित ठेवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गळ्याजवळचे कपडे सैल करा, घड्याळ बघा. झटके थांबले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. पाच मिनिटांहून जास्त चाललं, पाठोपाठ दुसरी फिट आली, पहिल्यांदाच आली असेल, गरोदर बाई असेल किंवा मार लागला असेल, तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि तो शुद्धीवर आला, की गोंधळलेला असेल, ओशाळलेला असेल. त्या वेळी मात्र त्याचा हात जरूर धरा. तुमच्या त्या पकडीची त्याला खरी गरज असते.