कडू कवठाच्या तेलाची कुळकथा

वनस्पती आपल्या बीजात पुढच्या पिढीसाठी जी शिदोरी बांधून ठेवते, तिच्यात पिठाचा अंश किती, प्रथिनाचा किती आणि तेलाचा किती, हे त्या त्या वनस्पतीच्या कुळधर्मावर अवलंबून असते. परंतु जिथे तेलाचा अंश मोठा असतो तिथे, तीळ असो, भुईमूग असो, करडई असो वा जवस असो, त्या तेलांची रासायनिक घडण पाहू गेल्यास ती सारी एकाच घराण्याची भावंडे असल्याचे आढळून येते. ग्लिसरिनच्या एका रेणूला स्निग्धाम्लांचे तीन रेणू जडलेले, आणि त्या प्रत्येक आम्लात कार्बनच्या अणूंची एक सरळ साखळी, बहुधा सोळा किंवा अठरा अणूंची. साखळीत द्विबंध एक आहे, दोन आहेत की तीन आहेत, एवढ्यावर जवसाचे तेल हवेत सुकून त्याची पापडी धरते आणि शेंगदाण्याचे तेल वर्षभर ओलेच राहते. मोहरीने साखळी बावीस अणूंपर्यंत लांबविली. एरंडाने तिला एक हायड्रॉक्सिल गट जोडून तेलाला आपला तो विख्यात दाटपणा आणला. तरीही साखळी सरळ ती सरळच राहिली.

हा शिरस्ता मोडणारे एक झाड सह्याद्रीच्या उतारावर आणि कोकणातील ओढ्यांच्या काठी फार प्राचीन काळापासून उभे आहे. त्याला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात. शास्त्रीय दप्तरात त्याची नोंद हिडनोकार्पस वायटियाना, आणि अलीकडे हिडनोकार्पस पेंटँड्रा, अशी आढळते. कवठासारखेच गोल, टणक, तपकिरी फळ. आत गर आणि गरात कोनेदार बियांची दाटी. हे फळ कुटून डोहात टाकले की मासे गुंगून वर येतात. केरळात या झाडाला मरोट्टी म्हणतात, त्याचे तेल दिव्यात जाळतात आणि फळाच्या अर्ध्या कवचाचीच पणती करतात. बियांच्या मगजातून जे पिवळसर, जड, उग्र वासाचे तेल निघते, ते थंडीच्या दिवसांत लोण्यासारखे थिजते. या तेलातील आम्लांची साखळी सरळ जाऊन संपत नाही. तिच्या शेवटच्या टोकाला पाच कार्बन-अणूंचे एक बंद कडे असते. या कड्याचा शोध लागेपर्यंत जगातल्या कित्येक बाजारपेठांनी, दवाखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी जो फेरा घेतला, त्याचा वृत्तान्त सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तुवरक नावाच्या वृक्षाचा उल्लेख येतो. हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या भूमीवर वाढतात आणि लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने त्यांची पालवी हलत असते, असे तेथे सांगितले आहे. बहुतेक वैद्य आणि वनस्पतिज्ञ तुवरक म्हणजेच आपले कडू कवठ असे मानतात, आणि स्थलनिर्देश पाहता मला तरी या निर्णयात शंका घेण्यास जागा दिसत नाही. विधीही मोठ्या बारकाईने दिला आहे: पावसाळ्याच्या तोंडाशी पिकलेली फळे घ्यावीत, आतला मगज काढून सुकवावा, कुटावा, तिळाप्रमाणे त्याचे तेल काढावे, पाण्याचा अंश उडेपर्यंत ते कढवावे आणि पंधरवडाभर शेण्यांच्या चुऱ्यात पुरून ठेवावे. मग शरीरशुद्धी केलेल्या रोग्याने शुक्लपक्षात ते प्यावे. त्याने वांती होते, रेचही होतात. संध्याकाळी तेलमिठावाचून गार पेज घ्यावी. हा क्रम पाच दिवसांचा. औषध पोटाला न मानवणारे आहे याची जाणीव ग्रंथकाराला पुरती होती आणि त्या न मानवण्यालाच त्याने चिकित्सेचे अंग मानले, हे येथे लक्षात ठेवावे. कारण हाच दोष पुढे या तेलाच्या इतिहासाची दिशा ठरविणार होता.

पूर्वेकडे दुसरी एक परंपरा नांदत होती. काशीचा राजा राम कुष्ठाने ग्रासला, पुत्रावर राज्य सोपवून अरण्यात गेला, एका वृक्षाच्या ढोलीत राहून वन्य मुळे आणि पाने खात खात बरा झाला. आणि त्याच व्याधीमुळे अरण्यात सोडल्या गेलेल्या पिया नावाच्या राजकन्येला त्याने बरे करून तिच्याशी विवाह केला, अशी कथा पाली अट्ठकथांत आहे, आणि बुद्धाची माता ज्या कुळातली त्या कोलिय कुळाचा उगम तीत सांगितला आहे. ब्रह्मदेशात तीच कथा कलव नावाच्या झाडाच्या फळाशी निगडित झाली. ते कलव म्हणजे आपल्या कडू कवठाचे सख्खे भावंड, हिडनोकार्पस कुर्झाय. त्याच्या बिया आसाम आणि चितगावच्या वाटेने कलकत्त्याच्या बाजारात येत आणि चौलमुग्रा या नावाने विकल्या जात.

येथे एक घोटाळा झाला आणि तो जवळजवळ शतकभर निस्तरला गेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी सिल्हटकडील एका वृक्षाला चौलमुग्रा हे नाव देऊन त्याचे वर्णन नोंदविले; तोच वृक्ष पुढे गायनोकार्डिया ओडोराटा म्हणून ओळखला जाऊ लागला. १८५४ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक फ्रेडरिक जॉन मोआट यांनी कुष्ठावर या तेलाचा गुण येतो असे छापून प्रसिद्ध केले. (अंदमानात कैद्यांची वसाहत कोठे वसवावी याची पाहणी करण्यासाठी पुढे जे मंडळ सरकारने पाठविले, त्याचे अध्यक्ष हेच मोआट.) तेव्हापासून युरोपातील औषधकोशांत चौलमुग्र्याचे तेल दाखल झाले, पण त्याच्या जननीच्या रकान्यात गायनोकार्डियाचेच नाव चढले. बाजारातील बी एका झाडाचे आणि कागदावरचे नाव दुसऱ्याचे, असा हा कारभार होता. शतकाच्या अखेरीस वनस्पतिज्ञांनी बियांची तुलना करून खरी जननी ब्रह्मदेशातील कलव होय हे दाखविले. तथापि या तंट्याचा अखेरचा निकाल रसायनशास्त्राने दिला.

लंडन येथील वेलकम रासायनिक संशोधनशाळेचे संचालक फ्रेडरिक पॉवर आणि त्यांचे सहकारी यांनी १९०४ पासून या बिया हाती घेतल्या. कलवच्या तेलातून त्यांनी अठरा कार्बन-अणूंचे एक नवे आम्ल वेगळे केले, त्याला चौलमुग्रिक आम्ल म्हटले. त्याचेच सोळा अणूंचे धाकटे भावंड, हिडनोकार्पिक आम्ल, त्यांना लगोलग आपल्या पश्चिम घाटातील कडू कवठाच्या तेलात मिळाले. या आम्लांचा एक गुण फार विलक्षण होता. ध्रुवित प्रकाशाचा किरण त्यांतून नेला असता त्याचे प्रतल उजवीकडे साठ अंशांच्याही पुढे वळते. तीळ-शेंगदाण्याच्या तेलांतून तो जवळपास न वळता निघून जातो. पुढे औषधी तेलातील भेसळ पकडण्यासाठी हीच कसोटी लावली गेली. आणि गायनोकार्डिया? त्याच्या बियांतील तेल प्रकाशाला मुळीच वळवीना. ते जवसाच्या तेलाच्या जातीचे निघाले, आणि बियांत मात्र हायड्रोसायनिक आम्ल सोडणारे गायनोकार्डिन नावाचे एक विषारी द्रव्य सापडले. इतकी वर्षे ज्याच्या नावावर गुण जमा होत होता, त्याच्या पदरी तो गुण नव्हताच.

पॉवर यांना आम्लांचे सूत्र बरोबर सापडले होते, पण अणूंची मांडणी त्यांनी चुकीची धरली. टोकाच्या पंचकोनी कड्यासह खरी मांडणी १९२५ साली अमेरिकेत श्रायनर आणि अॅडम्स यांनी सिद्ध केली. झाड हे कडे घडविते कसे, याचा उलगडा होण्यास आणखी अर्धशतक जावे लागले, आणि तो मला या साऱ्या कथेतील सर्वांत सुंदर भाग वाटतो. इतर बीजे आपली साखळी दोन कार्बन-अणूंच्या तुकड्यापासून सुरू करतात आणि दोन-दोन अणू जोडीत जातात; कडू कवठ मात्र आरंभालाच कडे धारण केलेला सहा अणूंचा तुकडा घेते आणि पुढे इतरांप्रमाणेच दोन-दोन अणू जोडते. पाच वेळा जोडले की सोळा अणूंचे हिडनोकार्पिक, सहा वेळा जोडले की अठरांचे चौलमुग्रिक. आणि हे कडे ज्या दुर्मिळ अमिनो आम्लापासून येते, त्याच आम्लापासून गायनोकार्डियाचे झाड आपले ते विष तयार करते! दोन्ही वृक्ष जवळच्या नात्यातले. एकाने वडिलोपार्जित कडे तेलात गुंतविले, दुसऱ्याने विषात.

आता दवाखान्याकडे वळू. पोटात घेतलेले तेल रोग्याला सोसत नसे. मळमळीने कित्येकजण उपचारच सोडून देत. सुईने टोचावे तर ते इतके जड, की त्वचेखाली गाठी होऊन बसत आणि असह्य वेदना होत. हवाई बेटांवर ही अडचण फार तीव्रतेने जाणवत होती, कारण तेथील कायद्याने कुष्ठरोग्याला घरदार सोडून मोलोकाई बेटावरील कलाउपापा येथे हद्दपार व्हावे लागे. होनोलुलूच्या कलिही रुग्णालयातील डॉ. हॅरी होल्मन यांनी या कामी साहाय्य मागितले ते अॅलिस ऑगस्टा बॉल या तरुण रसायनविदुषीकडे. सिएटल येथे १८९२ साली जन्मलेल्या बॉल यांनी कावा वनस्पतीच्या मुळांवर प्रबंध लिहून १९१५ साली हवाईच्या महाविद्यालयातून एम. एस. ही पदवी मिळविली होती. तेथून ती मिळविणारी पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती त्याच. त्यांनी तेलाची ग्लिसरिनपासून फारकत केली, मोकळी झालेली आम्ले वेगळी काढून त्यांचा मद्यार्काशी संयोग घडविला आणि एथिल एस्टरचा असा पातळ द्रव सिद्ध केला की जो टोचल्यावर शरीरात जिरून जाई. जर्मनीत असे एस्टर याआधी विक्रीस आले होते हे खरे. परंतु रुग्णालयाच्या गरजेला पुरे पडेल अशी करण्याजोगी रीत बॉल यांनी बसविली. ३१ डिसेंबर १९१६ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आपले काम प्रसिद्ध करण्यापूर्वीच त्या वारल्या. महाविद्यालयाचे अध्यक्ष आर्थर डीन यांनी ते काम पुढे चालविले, छापले, आणि त्यात बॉल यांचे नाव घातले नाही. रीतही डीन यांच्याच नावाने चालू लागली. होल्मन यांनी १९२२ च्या आपल्या लेखात तिला बॉल यांची रीत असे स्पष्ट म्हटले, पण त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ही गोष्ट अन्यायाची झाली, आणि हवाई विद्यापीठाने २००० साली आपल्या आवारातील चौलमुग्र्याच्या झाडापाशी बॉल यांच्या नावाचा फलक बसविला म्हणून ती न्याय्य ठरत नाही.

या इंजेक्शनांनी ७८ रोग्यांना रुग्णालयातून घरी जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा जगभर तेलाची मागणी उसळली. अमेरिकी सरकारने वनस्पतिज्ञ जोसेफ रॉक यांना सयाम, ब्रह्मदेश आणि आसाम या मुलखांत बियांच्या शोधार्थ रवाना केले. त्यांनी चिंदविन नदीच्या खोऱ्यातील अरण्यातून कलवच्या बिया मिळविल्या आणि ओआहू बेटावर त्यांची लागवड झाली. इकडे कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स आणि डॉ. अर्नेस्ट म्युर यांनी ब्रह्मदेशाची वाट सोडून दक्षिणेकडील कडू कवठाचेच तेल पत्करले. ते ताजे मिळे, स्वस्त पडे, आणि त्यातील आम्लांपैकी जवळपास निम्मा हिस्सा हिडनोकार्पिकचा व चौथ्या हिश्शाहून किंचित अधिक चौलमुग्रिकचा असल्याने कलवच्या तेलापेक्षा ते उणे नव्हते. सुश्रुताने पश्चिम समुद्राकाठी दाखवून ठेवलेल्या झाडाकडे वैद्यकाचे पाऊल अशा रीतीने परत वळले.

मुंबईत कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली माटुंग्याला आश्रयस्थान काढणारे महानगरपालिकेचे आयुक्त हॅरी अॅकवर्थ तेलाच्याच युगातले. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध करणारे अॅकवर्थ ते हेच, ही गोष्ट त्या आश्रयस्थानातून उभ्या राहिलेल्या वडाळ्याच्या रुग्णालयावरून जाणाऱ्या किती मराठी माणसांना ठाऊक असेल?

तेलाचा अंमल संपण्यास आरंभ झाला तो १९४१ साली. त्या वर्षी अमेरिकेतील कार्व्हिल येथे गाय फॅजेट यांनी सल्फोन वर्गातील प्रोमिन रोग्यांना दिले. लवकरच त्याच वर्गातील डॅप्सोन स्वस्त गोळीच्या रूपाने आले. म्युर ज्या कलकत्त्याच्या संस्थेत काम करीत, तेथेच बाबा आमटे यांनी कुष्ठचिकित्सेचे शिक्षण घेतले; ते वरोऱ्यास आनंदवन उभारीत होते तेव्हा तेलाच्या कुप्या बाजूला सरत होत्या.

मग तेलाने खरोखर गुण येत होता काय? हे तेल रामबाण होते असे म्हणणारे आणि निव्वळ थोतांड होते असे म्हणणारे, दोघेही पुराव्याच्या बाहेर जातात. कित्येक रोग्यांत व्याधी परत उलटे, आणि सल्फोनच्या तोडीचे ते कधीच नव्हते. पण १९७५ साली लुई लेव्ही यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत या आम्लांनी कुष्ठाच्या जंतूंची वाढ रोखल्याचे दिसून आले. आणि याच वर्गातील इतर जंतू कडेधारी आम्ल आपल्या स्वतःच्या मेदद्रव्यांत सामावून घेतात, हेही त्यानंतर आढळले. साध्या तेलात हे सामर्थ्य नाही. ते त्या कड्याचे आहे.

कडू कवठाचे तेल आता आधुनिक औषधकोशांतून गेले आहे, बाजारात त्याला पूर्वीचा भाव नाही, आणि निरुपयोगी म्हणून ओढ्याकाठचे झाड तोडायला आज कोणाची हरकत येत नाही. तमिळ योमन नावाच्या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या याच झाडाच्या पानांवर वाढतात, कधी कधी तर सबंध झाड निष्पर्ण करून टाकतात, आणि झाड पुन्हा पालवते. कोकणातील ज्या वाचकांच्या बागेच्या सीमेवर किंवा वहाळाच्या काठी हे झाड असेल, त्यांनी त्याचे तेल औषध म्हणून घेऊ नये, कारण कुष्ठावरील खात्रीचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. परंतु झाडावर मात्र कुऱ्हाड चालवू देऊ नये, एवढीच विनंती आहे.