सोंग, शृंगार आणि स्त्रीभूमिका : संगीत सुखान्तिकेतील वेषांतराचा विचार

प्रेमप्रधान सुखान्तिकेत वेषांतर का येते, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रेक्षकाला गंमत वाटावी, कथानकाची गुंतागुंत वाढावी आणि शेवटी सोंग उघडे पडून सर्वांचे लग्न लागावे, एवढाच त्याचा हेतू असल्याचे पुष्कळदा समजले जाते. परंतु ज्या समाजात तरुण स्त्रीपुरुषांना एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची सोयच नव्हती, त्या समाजात नाटककाराला नायक-नायिकांची भेट घडवून आणावयाची तर कोणाला तरी आपले नाव, पद किंवा आश्रम लपवणे भाग होते. वेषांतर हे त्या अर्थाने रंगभूमीवरील प्रेमाचे प्रवेशपत्रच होय. मराठी नाटककारांनी या प्रवेशपत्राचा उपयोग कसा केला आणि त्यात स्त्रीच्या वाट्याला काय आले, याचा थोडक्यात विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ अर्थातच ‘सौभद्रा’पासून केला पाहिजे. बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1882 साली हे नाटक रंगभूमीवर आणले, तेव्हा ‘शाकुंतला’च्या पहिल्या प्रयोगाला दोनच वर्षे झाली होती. सुभद्रा दुर्योधनाला द्यावी असा बलरामाचा निश्चय, आणि तिचे मन अर्जुनावर जडलेले. अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतो, आणि ज्या बलरामाने त्याला जावई म्हणून नाकारले असते तोच बलराम या यतीला आदराने घरात आणतो व त्याच्या सेवेला सुभद्रेची योजना करतो. कथा पुराणातली, पण तिच्यातील घर मात्र एकोणिसाव्या शतकातील मराठी घर आहे. वडील भाऊ लग्न ठरवतो, धाकटा भाऊ हसतमुखाने डावपेच लढवतो, भावजय नणंदेचे मन ओळखते. अशा घरात परपुरुषाला दोनच मार्गांनी प्रवेश मिळे : एक आप्त म्हणून, दुसरा साधू म्हणून. अर्जुनाने दुसरा मार्ग पत्करला. संन्यास हा शृंगाराचा शत्रू, पण येथे शृंगारानेच संन्याशाची वस्त्रे परिधान केली आहेत. नाटकाचा सारा विनोद या विसंगतीतून उत्पन्न होतो.

‘सौभद्रा’त सोंग घेतो तो पुरुष. सुभद्रा मात्र सुभद्राच राहते. आपल्यापुढे बसलेला यती कोण आहे याची तिला कल्पना नसते. ज्ञान पुरुषाकडे आणि विरह स्त्रीकडे, अशी ही वाटणी आहे. ती बदललेली पाहावयास आपल्याला 1911 पर्यंत यावे लागते. त्या वर्षी मार्च महिन्यात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ मुंबईत प्रथम झाले. त्यातील श्रीमंत भामिनी निर्धन सेनापती धैर्यधराला त्याच्या दारिद्र्याबद्दल हिणवून नाकारते. पुढे त्याच्या पराक्रमाने तिचे मन पालटते आणि ती वनमाला नावाच्या गरीब मुलीचा वेष घेऊन त्याच्या छावणीत जाते. येथे सोंग घेणारी स्त्री आहे, जाणते तीच आहे, आणि फसतो तो वीर पुरुष. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. खाडिलकरांनी ही म्हण जणू उलटी करून पाहिली. दारिद्र्याचे सोंग आणता येते काय? आणले तर अंगावरून उतरलेल्या दागिन्यांबरोबर मनातला तोराही उतरतो काय? भामिनीचा तोरा उतरतो, म्हणूनच तिचे वेषांतर निव्वळ युक्ती न राहता तिचे शिक्षण ठरते.

आता एका विलक्षण गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. अर्जुन यती होतो, भामिनी दासीसारखी वावरते, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘मूकनायका’तील नायक मुकेपणाचे सोंग घेतो, पण शेक्सपिअरच्या सुखान्तिकांत पदोपदी आढळणारे वेषांतर, म्हणजे स्त्रीने पुरुषवेष घेऊन आपल्या प्रियकराशी बोलणे, आपल्या अभिजात संगीत नाटकांत ठळकपणे रुजलेले दिसत नाही. शेक्सपिअर आपल्याला अपरिचित होता असे मुळीच नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकरांची ‘त्राटिका’ शाहूनगरवासी मंडळीने गाजवली होती. मग रोझलिंड आणि व्हायोला यांनाच मराठी रंगभूमीवर तशी घरची जागा का मिळू नये?

माझ्या मते याचे उत्तर संहितेत नसून रंगपटात आहे. इंग्लंडात 1660 पर्यंत व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया नव्हत्या. तेथेही मुलगेच नायिका होत. परंतु नायिकेने पुरुषवेष घेतला की त्या मुलाला आपल्या स्वाभाविक वेषात वावरता येई आणि नाटककार या सोयीचा चतुराईने लाभ घेई. आपल्याकडे नेमके उलट घडले. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि त्यांच्यानंतर नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्या सुभद्रा, भामिनी, रुक्मिणी पाहावयास जो प्रेक्षक येई, तो पुरुषाने साकारलेले स्त्रीरूप पाहावयास येई. शालू, अंबाडा, गजरा आणि ती लडिवाळ चाल हाच त्या प्रयोगाचा प्राण होता. पुरुष नटाने एकदा महत्प्रयासाने धारण केलेला स्त्रीवेष कथेच्या ओघात उतरवून पुन्हा पुरुष व्हावे, हे त्या मोहिनीलाच मारक ठरले असते. खरे वेषांतर पडदा उघडण्यापूर्वीच झालेले असे. त्यामुळे कथेतील वेषांतराला लिंगाची सीमा सोडून संपत्तीची किंवा आश्रमाची सीमा शोधावी लागली.

या मोहिनीचे फळ असे झाले की, बालगंधर्वांचे नेसणे आणि केशरचना यांचे अनुकरण कुलीन स्त्रिया करू लागल्या. ज्या रंगभूमीवर पाऊल टाकण्याची स्त्रीला बंदी, त्याच रंगभूमीवरील पुरुषाकडून तिने स्त्रीत्वाचा धडा घ्यावा, यापेक्षा मोठी सुखान्तिका कोणी लिहिली असेल असे वाटत नाही. मात्र तिला सुखान्तिका म्हणताना मन कचरते. त्याच काळात केवळ स्त्रियांच्याही नाटकमंडळ्या होत्या. त्यांत अर्जुनाचे कामही स्त्रीच करी. म्हणजे पुरुष झालेली स्त्री पुन्हा यती होई! परंतु भाऊराव आणि बालगंधर्व यांना जी प्रतिष्ठा लाभली, ती या स्त्रियांच्या वाट्याला आली नाही. पुरुषाचे सोंग ही कला ठरली आणि स्त्रीचे सोंग हा दोष ठरला. हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ 1912 साली रंगभूमीवर आले, तरी लेखिकेचे स्थान नाट्यसृष्टीच्या उंबरठ्यावरच राहिले.

पुढे 1929 साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटकमंडळी काढली, 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांकडे दिल्या, आणि हळूहळू स्त्रीपार्टी नटाची परंपरा मावळली. त्यानंतर, 1965 साली, विद्याधर गोखल्यांनी शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या आधारे ‘मदनाची मंजिरी’ लिहिले. पुरुषवेषातील नायिका संगीत रंगभूमीवर मानाने आली, ती नायिकेचे काम स्त्रीकडे आल्यानंतर. याला केवळ योगायोग म्हणता येईल. मला त्यात कारणपरंपरा दिसते. स्त्रीला स्वतःच्या रूपात उभे राहता आले, तेव्हाच तिला दुसऱ्याचे रूप घेण्याची मुभा मिळाली.

हा लेख लिहिताना डोळ्यांपुढे बऱ्हाणपूरजवळचे निंबोला हे गाव होते. पूर्वीच्या खानदेश सुभ्याचा हा मुलूख आज मध्य प्रदेशात आहे. सातपुड्याच्या या बाजूला मराठी, निमाडी आणि हिंदी एकमेकींना खेटून नांदतात. याच पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी, जळगाव-जामोद येथे, वकिली करीत कोल्हटकर राहिले होते. सीमेवर राहणाऱ्या माणसाला घरात एक आणि बाजारात दुसरी बोली वापरताना आपण सोंग घेत आहोत असे वाटत नाही. दोन्ही बोलींत तो स्वतःच असतो. अर्जुन यतिवेषातही अर्जुनच होता, आणि भामिनी तर वनमाला झाल्यावरच खरी भामिनी झाली. वेषांतराने माणूस लपतो हा समज आपल्या श्रेष्ठ नाटककारांनी खोटा ठरवला. लपून राहिली ती मात्र रंगपटाबाहेर थांबलेली स्त्री; आणि तिचा उशिरा झालेला प्रवेश हाच या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रवेश म्हटला पाहिजे.