नारालूला विंडसर्फिंगला जायचंय? लाटेआधी परतीची तयारी का करावी लागते?

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एका लाटेचं नाव आहे ‘टूमस्टोन्स’, म्हणजे थडग्यांवरचे दगड. ती फुटते नारालू या ठिकाणी. स्पेलिंगच्या सुरुवातीला ‘जी’ आहे, पण त्याचा उच्चार होत नाही. रील्समध्ये दिसते ती निळी लाट आणि तिच्यावरून सुसाट जाणारं शीड. त्या व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. इथे जीवरक्षक नाहीत आणि सर्वांत जवळचं शहर कार्नारवन साधारण 150 किलोमीटरवर आहे.

नारालू नेमकं कुठे आहे?

पर्थपासून कार्नारवन सुमारे 900 किलोमीटर. म्हणजे मुंबई-नागपूरपेक्षाही लांबचा प्रवास, तोही बराचसा ओसाड भागातून. तिथून पुढे ब्लोहोल्सपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि नंतर साधारण 75 किलोमीटर कच्चा. डांबरी रस्ता संपतो तिथे ‘किंग वेव्ह्ज किल’ अशी पाटी आहे. मोठ्या लाटा जीव घेतात, हा इशारा खडकांवर उभं राहणाऱ्यांसाठी आहे.

नारालू हे मूळचं मेंढ्यांचं ‘स्टेशन’, म्हणजे हजारो एकरांवर पसरलेलं कुरण. समोर निंगालू प्रवाळाचा दक्षिण भाग आहे. निंगालू किनारा 2011 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मुक्काम थ्री माइल कॅम्पवर करता येतो, पण बुकिंग आणि रस्त्याची स्थिती निघण्याआधी तपासावी लागते.

इतक्या लांब लोक का जातात?

लाटेवरच्या विंडसर्फिंगला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: दुरून आलेली लाट आणि जोरदार वारा. अंटार्क्टिकाकडच्या समुद्रात वादळं होतात. त्यांच्या लाटा अनेक दिवस प्रवास करून नारालूच्या प्रवाळावर फुटतात. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे फुटत जाते आणि वाराही दक्षिणेकडूनच येतो. त्यामुळे वारा आणि लाट खेळाडूला एकाच दिशेने नेतात. असं जुळून येणाऱ्या जागा जगात फार नाहीत.

कोणत्या महिन्यात जावं?

मोठ्या लाटा जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात येतात. वारा मात्र उन्हाळ्यात जास्त असतो. दोन्ही जुळतात साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. नोव्हेंबरपासून चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो आणि ऊनही वाढतं.

अंदाज पाहताना लाटेची फक्त उंची बघून चालत नाही. दोन लाटांमधला वेळही बघावा लागतो. दोन मीटरची लाट 9 सेकंदांच्या अंतराने येणं वेगळं आणि 16 सेकंदांच्या अंतराने येणं वेगळं. दुसरीत कितीतरी जास्त ताकद असते.

कुणी जाऊ नये?

गोव्यात शांत पाण्यावर विंडसर्फिंग शिकता येतं, पण तेवढ्या अनुभवावर टूमस्टोन्सला जाणं धोक्याचं आहे. खोल पाण्यात, लाटा येत असताना शिडाच्या ओढीनेच बोर्डवर चढता आलं पाहिजे. याला ‘वॉटरस्टार्ट’ म्हणतात. 25 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर वाऱ्यात वळता आलं पाहिजे. हे जमत नसेल तर थोडं उत्तरेला नारालू बे आहे. तिथलं पाणी बरंच शांत असतं.

सोबत काय न्यावं?

- पाणी: पिण्यासाठी माणशी रोज 5 लिटर धरावं. दोघांना सात दिवसांसाठी 70 लिटर.
- इंधन आणि किराणा: कार्नारवनमध्येच भरून घ्यावा.
- गाडी: फोर व्हील ड्राइव्ह आणि जादा टायर. भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला परवानगी आहे का, हे वाचावं. अनेकदा नसते. कांगारू आडवे येतात, म्हणून अंधारात गाडी चालवू नये.
- सुटे भाग: एक जादा डोलकाठी, दोन-तीन फिन, शीड आणि बोर्ड जोडणारा सांधा. फिन प्रवाळावर आपटून तुटतात. बोर्ड दुरुस्तीचं रेझिन विमानात नेण्याऐवजी पर्थमध्ये घ्यावं.
- अंगावर: हेल्मेट आणि जाड तळव्याचे बूट. प्रवाळाने झालेली छोटी जखमही चिघळते, त्यामुळे ती लगेच धुवावी.

काही झालं तर मदत कशी मिळते?

मोबाइल नेटवर्कवर भरवसा ठेवता येत नाही. त्यामुळे सॅटेलाइट फोन किंवा पर्सनल लोकेटर बीकन लागतो. हे छोटं यंत्र सुरू केलं की उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला ठिकाण कळतं. बीकन कॅम्पमध्ये नाही, अंगावर हवा.

गंभीर रुग्णांना अशा भागातून रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसची विमानं नेतात. ही सेवा 1928 पासून सुरू आहे. तरीही मदत पोहोचेपर्यंत वेळ जातो. तोपर्यंत रक्त थांबवणं, हाड बांधून ठेवणं हे सोबत्यालाच करावं लागतं. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दोघांनीही घेतलेलं असावं.

ऑस्ट्रेलियाचा वैद्यकीय सेवेबाबत काही देशांशी परस्पर करार आहे. त्या देशांमध्ये भारत नाही. उपचारांचा खर्च विम्यावरच अवलंबून असतो. ‘साहसी खेळ’ वगळलेली पॉलिसी इथे कामाची नाही. विंडसर्फिंग हा शब्द पॉलिसीत शोधावा.

पाण्यात उतरण्याआधी काय ठरवावं?

एकट्याने उतरू नये. किनाऱ्यावर दुर्बीण घेऊन एक माणूस हवा आणि परतायची वेळ ठरलेली हवी. डोलकाठी मोडली तर शीड सोडून देता येतं, पण बोर्ड सोडायचा नाही. तो तरंगतो आणि लांबूनही दिसतो.

पहिल्या दिवशी फक्त बघावं: लोक कुठून आत जातात, कुठून बाहेर येतात, भरती-ओहोटीत खडक कधी उघडे पडतात. बाहेर यायची जागा नीट कळली नसेल तर त्या दिवशी बोर्ड गाडीवरच राहू द्यावा. लाट दुसऱ्या दिवशीही येते.