गाडीतली वामकुक्षी

बदलापूरहून सकाळी निघालेल्या लोकलमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली, की माणूस काय करतो? पिशवी मांडीवर घेतो आणि डोळे मिटतो. याला आपण पेंगणं म्हणतो, थोडं हसतोही. पण या पेंगण्यालाही इतिहास आहे.

निरोगी माणसानं दिवसा झोपावं ते उन्हाळ्यात, एरवी त्यानं कफ-पित्त वाढतं, असं चरकसंहिता सांगते. बसल्या बसल्या काढलेली डुलकी मात्र तिनं वेगळी मानली आहे: तिनं शरीर रूक्ष होत नाही आणि जडही होत नाही. आपल्या घरांत जेवणानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडायची वामकुक्षी रुजली.

ही दुपार हातची गेली कशी? १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीपर्यंत आगगाडी धावली आणि वाटेतली अंबरनाथ-बदलापूर गावं मुंबईशी जोडली गेली. विसाव्या शतकात अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना आला, पुढं संरक्षण साहित्याचा. दिवस पाळीच्या वेळेनं चालू लागला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. १९४८ च्या कारखाना कायद्यानं सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती दिली, पण डबा खाऊन उरणार ती किती? पुढं मुंबईतली नोकरी आणि इकडचं घर असा संसार वाढला. वामकुक्षीनं घर सोडलं आणि ती गाडीत येऊन बसली.

तिची किंमत आता प्रयोगशाळेतही कळली आहे. २०२१ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी लोकांना एक गणिती कोडं घातलं आणि मध्ये वीस मिनिटांची विश्रांती दिली. ज्यांचा निदान पंधरा सेकंद हलका डोळा लागला, त्यांतल्या ८३ टक्क्यांना कोड्यातली छुपी युक्ती सापडली. जागे राहिलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होतं, तर अधिक गाढ झोपेत गेलेल्यांत फक्त १४. म्हणजे डुलकीचा गुण तिच्या छोटेपणात आहे.

तरी एक हिशेब विसरू नये. रात्री पाचच तास झोपणाऱ्याची डुलकी ही कमाई नव्हे, ती उधारीची फेड आहे, आणि तीही पुरती होत नाही. शिवाय तिला जागा लागते. उभ्यानं, दाराशी लटकून पेंगणं म्हणजे जिवाशी खेळ. काही प्रवासी अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला बसायला देतात. त्या जागेबरोबर ते वाटून घेतात ती वीस मिनिटांची वामकुक्षीच!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)